मल्ल क्लास बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव, जिथे जिथे मराठीतून टेबल लागतं तिथून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. खालचे सगळे हिशेब डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०१४ आणि २०२४ च्या नियमांत फरक असेल तिथे तो सांगितला आहे. क्लास म्हणजे पात्राचा पेशा; उदाहरणाच्या क्लासला ‘मल्ल’ म्हटलं आहे; तुम्ही हवं ते नाव द्या.

१. गेममध्ये मंक आहेच, मग नवा क्लास कशाला?

नुसतं नाव आणि पोशाख बदलायचा असेल तर नवा क्लास नकोच. मंक घ्या, त्याच्या ‘की’ला, म्हणजे खास डावांसाठी खर्चायच्या गुणांना, ‘दम’ म्हणा, गुरूला वस्ताद म्हणा आणि खेळायला बसा. हा पात्राचा पेहराव झाला, त्याला नियम लागत नाहीत.

टर्नमध्ये जे घडतं तेच वेगळं हवं असेल, तर मात्र लिहायला घ्या. १९७५ च्या ब्लॅकमूर पुरवणीत मंक आला तेव्हापासून तो उघड्या हाताने भराभर मारणारा संन्यासी आहे. आपल्या तालमीतला गडी मारत सुटत नाही. तो धरतो, पाडतो, उचलून दुसरीकडे टाकतो. हा फरक कागदावर उतरला नाही तर तुमचा मल्ल चार सेशनमध्ये कमी एचपीचा (जीवाच्या गुणांचा) फायटर होऊन बसतो.

२. सुरुवात कुठून करायची?

एका वाक्यातून. ‘हा क्लास टेबलावर नसता तर कुठली गोष्ट घडली नसती?’ मल्लाचं उत्तर: शत्रूला हव्या त्या जागी तो उभा राहू देत नाही. पुढची प्रत्येक गोष्ट या वाक्यावर घासून बघा. विषाला प्रतिकार, प्राण्यांशी बोलणं, भिंतीवर धावणं हे सगळं छान वाटतं, पण वाक्यात बसत नसेल तर बाहेर.

मग पहिल्या पाचच लेव्हल लिहा. पहिलीला अंगरक्षण आणि निःशस्त्र वार, दुसरीला दम आणि दोन पेच, तिसरीला घराणं म्हणजे सबक्लास, चौथीला नेहमीची गुणवाढ, पाचवीला दुसरा हल्ला. एवढं खेळून झाल्याशिवाय सहावी लिहू नका. वीस लेव्हलचा सुबक तक्ता आधी करणारे बहुतेक जण दुसऱ्या लेव्हलचा गोंधळ सोडवता सोडवता कंटाळतात.

३. चिलखत नाही, मग एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) कसा काढायचा?

मंकचं सूत्र १० + डेक्स (चपळाई) + विझ्डम (शहाणपण) असं आहे. अडचण पॉइंट बायमध्ये, म्हणजे ठरावीक गुणांत क्षमता विकत घेताना, येते. २७ गुणांत १५, १५, १३, १२, ८, ८ एवढंच बसतं. वंशाचे किंवा पार्श्वभूमीचे +२ आणि +१ धरले तर १७ आणि १६ होतात, दोन्हींचे +३, म्हणजे एसी १६. चेनमेल घातलेल्या फायटरलाही पहिल्याच लेव्हलला १६ मिळतो, ढाल घेतली की १८. वर मंकचं कॉन्स्टिट्यूशन (कॉन, म्हणजे काटकपणा) १३ वर अडकतं आणि पहिल्या लेव्हलचे एचपी जेमतेम ९.

मल्लासाठी १० + डेक्स + कॉन ठेवा. ढाल चालणार नाही, हिट डाय (एचपीचा फासा) डी८, म्हणजे आठ बाजूंचा. कॉन १६ असेल तर पहिल्या लेव्हलला ११ एचपी, म्हणजे कॉन १४ वाल्या फायटरपेक्षा एकच कमी. डी१० द्यायचा मोह होईल, पण देऊ नका. कॉन एसीतही मोजलं जातंय आणि एचपीतही, एवढा फायदा पुरे.

४. ठोशाला डॅमेज किती?

१ ते ४ लेव्हलला डी६ आणि पाचवीलाही डी६च. २०१४ चा मंक डी४ वर सुरू होऊन पाचवीला डी६ वर येतो. २०२४ चा डी६ वर सुरू होऊन पाचवीला डी८ वर जातो. आकडा त्या दोघांच्या मधे ठेवला आहे.

पाचव्या लेव्हलचा हिशेब असा. गुण १८, म्हणजे +४, हल्ल्याला +७, समोर एसी १५. फाशावर ८ किंवा वर आलं की लागलं, म्हणजे ६५ टक्के. मोठी तलवार घेतलेला फायटर दोन वारांत सरासरी १४.३ डॅमेज काढतो. मल्लाचे दोन ठोसे ९.७५ वर थांबतात. बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत) तिसरा ठोसा दिला की १४.६ होतात, म्हणजे फायटरच्या बरोबरीला आला.

पेचही याच बोनस ॲक्शनमध्ये बसवा. मग प्रत्येक टर्नला खेळाडूपुढे खरी निवड उभी राहते: तिसरा ठोसा, की त्यातलं सुमारे ५ डॅमेज सोडून पेच. ही किंमत काढून टाकली तर मल्ल मारतोही पूर्ण आणि पाडतोही रोज, आणि बाकीचे तिघे नुसते बघत बसतात.

५. दम किती द्यायचा? लेव्हलइतका का नको?

लेव्हलइतका दम आणि शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत, ही मंकची पद्धत. दुसऱ्या लेव्हलला २ गुण म्हणजे एकाच राऊंडात खलास, आणि अकराव्याला ११ म्हणजे संपता संपत नाही. त्यात आपल्याकडची टेबलं चवथीच्या सुट्टीत किंवा रविवारी संध्याकाळी तीन तास बसतात. एका सेशनला एकच मोठी लढाई होते आणि शॉर्ट रेस्टची वेळच येत नाही. दिवसाला सहा लढाया धरून केलेला हिशेब अशा ठिकाणी कोलमडतो.

म्हणून दम लढाईपुरता ठेवा. लढाई सुरू होताना दम = प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे लेव्हलबरोबर वाढणारा सरावाचा आकडा (१ ते ४ लेव्हलला २, ५ ते ८ ला ३, ९ ते १२ ला ४). ज्या टर्नमध्ये एकही पेच लावला नाही आणि निदान एक वार लागला, त्या टर्नच्या शेवटी १ दम परत. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा दम कधीच वर जात नाही. एका टर्नला एकच पेच.

तिसऱ्या लेव्हलला चार राऊंडची लढाई अशी दिसते: पेच, पेच, मार, पेच. लय आपोआप येते. पळवाटांसाठी प्रश्न १३ पाहा.

६. पेच लिहायचे कसे? कुस्तीतले शंभर पेच घालू का?

पाचव्या लेव्हलपर्यंत पाच-सहा पुरेत. प्रत्येक पेचाला चारच गोष्टी लागतात: आधीची अट, दम, कुठला सेव्ह (वाचण्यासाठी शत्रूने टाकायचा फासा), आणि तो सेव्ह फसला तर शत्रू नेमका कुठे आणि कसा. सेव्हचा आकडा ८ + प्रोफिशियन्सी + स्ट्रेंथ किंवा डेक्स. तिसऱ्या लेव्हलला १३. नमुन्यादाखल तीन:

एकेरी पट. अट: याच टर्नमध्ये त्याला वार लागलेला असावा. १ दम. डेक्स सेव्ह. फसला की पालथा.

धोबीपछाड. अट: शत्रूला आधीच धरलेलं असावं. १ दम. स्ट्रेंथ सेव्ह. फसला की तुमच्या लगतच्या कुठल्याही रिकाम्या चौकोनात आपटला, १डी६ डॅमेज, पालथा, आणि पकड सुटली.

कलाजंग. अट: धरलेला असावा. २ दम. स्ट्रेंथ सेव्ह. फसला की खांद्यावर. तुमच्या निम्म्या वेगाने त्याला न्या, टर्न संपायच्या आत खाली टाका.

सेव्ह वेगवेगळे ठेवण्यात खरी गंमत आहे. ओगरची स्ट्रेंथ १९ आणि डेक्स ८. धोबीपछाड त्याच्यावर ४० टक्केच लागतो, पट मात्र ६५ टक्के. गॉब्लिन उलटा: स्ट्रेंथ ८, डेक्स १४, म्हणून धोबीपछाड ६५ आणि पट ५०. दांडग्याचे पाय ओढायचे आणि चपळ गड्याला उचलून आपटायचं, हे कुठल्याही तालमीत शिकवतात. इथे ते फाशांतूनच बाहेर पडतं, नियमात वेगळं लिहावं लागत नाही. सगळ्या पेचांना एकच सेव्ह दिलात तर हे सारं गेलं, आणि खेळाडू पहिल्या दिवसापासून एकच पेच घोकत राहील.

एक सूचना: ‘वेग शून्य’ आणि ‘पालथा’ एकाच पेचात कधी देऊ नका. उठायला निम्मा वेग लागतो. वेगच शून्य तर उठणार कसा? धरून ठेवून मग पट लावला तर हे दोन्ही होतं, पण त्याला दोन पायऱ्या लागतात. त्या तशाच राहू द्या.

७. शत्रूला सुन्न करायची ताकद द्यावी का?

नको. २०१४ च्या मंककडे ती पाचव्या लेव्हलला येते आणि लागलेल्या प्रत्येक वारामागे १ की देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. चार वार, प्रत्येक ६५ टक्के, समोरच्याचा कॉन सेव्ह +३ आणि आकडा १४ धरला, तर पाचही की ओतून राऊंडात सुन्न करण्याची शक्यता ७९ टक्के होते. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) महिनाभर रंगवलेला खलनायक पहिल्याच राऊंडला पुतळा. २०२४ मध्ये हा प्रयत्न टर्नला एकदाच केला, तेव्हा शक्यता ४९ च्या आसपास आली. सेव्ह साधला तरी वेग निम्मा होतो आणि त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून वरचा धरणं) मिळतो, ही भरपाई त्यात जोडली. सुन्न करायचंच असेल तर २०२४ चा नियम उचला. मल्लाला त्याची गरज नाही, चिखलात पडलेला शत्रू त्याला पुरतो (प्रश्न ११).

८. आमचा मल्ल हाफलिंग आहे. तो ओगरला उचलणार कसा?

मूळ नियमात आपल्यापेक्षा एकच माप मोठ्याला धरता येतं. हाफलिंग छोटा, ओगर मोठा, म्हणजे दोन मापांचा फरक. तिसऱ्या लेव्हलला ‘पेचासाठी तुम्ही एक माप मोठे धरले जाता’ एवढं वाक्य घाला, प्रश्न मिटला. नवव्याला दोन मापं.

ड्रॅगनपुढे हेही संपतं, आणि संपलंच पाहिजे. जो हलत नाही त्याच्यावर आपण चढायचं. ‘सवारी’ नावाचा पेच ठेवा: १ दम, मल्ल त्या प्राण्याच्या चौकोनात शिरून पाठीवर बसतो, त्याच्यावरच्या ठोशांना ॲडव्हान्टेज, आणि प्राण्याला झटकून टाकायला स्वतःची ॲक्शन घालवावी लागते.

९. भूत किंवा देवचार समोर आला तर? त्याला धरताच येत नाही.

घोस्टला पकड, पालथं पडणं, जखडणं यांतलं काहीच लागत नाही, आणि साध्या ठोशांचं डॅमेज निम्मं होतं. दोन उपाय करा. सहाव्या लेव्हलला ठोसे जादुई धरा (२०१४ च्या मंकलाही तिथेच मिळतात). आणि पाच-सहा पेचांपैकी निदान दोन असे ठेवा की जे शत्रूच्या नव्हे, मल्लाच्या स्वतःच्या अंगावर लागू होतात: दम देऊन १५ फूट सरकणं आणि संधीचा हल्ला (दूर जाताना शत्रू मारतो तो) न खाणं, किंवा शेजारच्या मित्राला ओढून स्वतः त्याच्या जागी उभं राहणं. मित्र काही भूत नाही, त्याला धरता येतं, मग झालं.

देवचार हा गावाचा राखणदार. त्याला नुसता मारायचा राक्षस करण्यापेक्षा वाट अडवणारा, मान मागणारा करा. खेळही जास्त रंगतो.

१०. दांडपट्टा, विटा, काठी यांचे नियम?

काठी म्हणजे क्वार्टरस्टाफच: एका हाताने डी६, दोन्ही हातांनी डी८.

दांडपट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक, मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोळीत. डॅमेज डी८, हात खोळीत असल्यामुळे हत्यार हिसकावता येत नाही, पण त्या हाताने काही धरताही येत नाही. धोबीपछाड, कलाजंग बंद. ही अट गाळू नका, नाहीतर सगळेच दांडपट्टा घेतील.

विटा म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला. डी६, पल्ला १५ फूट, फेकल्यावर त्याच टर्नमध्ये फुकट परत. वार चुकला तर शत्रूला रिॲक्शन खर्चून दोरी पकडता येते. मग स्ट्रेंथची ओढाताण, हरला त्याचं हत्यार गेलं.

११. आमच्या लढाया सपाट मैदानात होतात आणि पेचांचा उपयोगच होत नाही.

मग दोष नकाशाचा आहे. मोकळ्या मैदानात माणूस पाच फूट इकडे काय आणि तिकडे काय! मल्ल असलेल्या टेबलावर प्रत्येक नकाशात निदान एक कड, एक अरुंद वाट आणि एक वाईट जमीन हवी. गोव्यात ती शोधावी लागत नाही: खाजन (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) शेताचा बांध, फेरीबोटीचा धक्का, किल्ल्याच्या पायऱ्या, निसरडी तळी.

बांध घ्या. रुंदी १० फूट, म्हणजे दोन चौकोन. डावीकडे चिखलाचं शेत, उजवीकडे खाडी, पुढे मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, पाण्याला ओढ. ओगर २×२ चौकोन व्यापतो, म्हणजे पूर्ण बांध अडला. मल्ल वार करतो, लागतो, पट लावतो: ६५ टक्के, ओगर पालथा. शेजारच्या फायटरला ॲडव्हान्टेज मिळाला, पण मागे उभ्या धनुर्धाऱ्याला डिसॲडव्हान्टेज, कारण पालथ्यावर लांबून नेम धरणं कठीण. नव्या टेबलांवर इथेच भांडण होतं. पट लावण्याआधी पार्टीला विचारायची सवय लावा.

ओगर पुढच्या टर्नला उठतो, मारतो. आता मल्ल त्याला धरतो आणि बोनस ॲक्शनला धोबीपछाड. ४० टक्केच, पण लागला तर ओगर चिखलात (तिथे २×२ रिकामी जागा हवी, हे आधी मोजा). त्याचा वेग ४०. उठायला २० गेले, उरलेले २० चिखलात दुप्पट दराने म्हणजे १० फूट. बांधाच्या कडेपर्यंत येतो आणि तिथेच तिष्ठत राहतो, तोवर पार्टी पुढे सटकलेली. डॅमेज बघाल तर चिल्लर, राऊंड मात्र अख्खा खाल्ला. उजवीकडे टाकला असता तर खाडी, आणि कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत हे कुठल्याही गोंयकार डीएमला सांगावं लागत नाही.

१२. गोव्यातलं काय वापरू? धोंडांसारखा निखाऱ्यांवरून चालणारा सबक्लास चालेल का?

घोडेमोडणी तर सबक्लास म्हणून जणू तयारच आहे. डिचोली, पेडणे, सत्तरीत शिगम्याला कमरेभोवती लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोलताशावर नाचतात. नियम: तिसऱ्या लेव्हलपासून प्रत्येक लागलेल्या वारानंतर १० फूट सरका, संधीचा हल्ला नाही. मल्लखांब हे दुसरं घराणं: चढण्याचा वेग चालण्याइतका, खांब, डोलकाठी किंवा माड पायांनी धरून दोन्ही हात मोकळे.

शिरगावच्या जत्रेचं वेगळं आहे. धोंड, म्हणजे लईराई देवीचे व्रतस्थ भक्त, उपवास करतात, सोवळं पाळतात आणि मग होमकुंडातून जातात. ती चालू श्रद्धा आहे, कदाचित टेबलावरच्याच कुणाच्या घरातली. देवीचं आणि व्रतस्थांचं नाव क्लासला लावू नका. कल्पना मात्र वेगळ्या, कल्पित देवासाठी घेता येते: लाँग रेस्टआधी पात्राने एक व्रत सांगायचं (अन्न नाही, हत्यार नाही, बोलणं नाही). ते दिवसभर मोडलं नाही तोवर आगीला प्रतिकार. मोडलं की गेला. गुण मोजण्यापेक्षा हे खेळायला जास्त मजेदार.

१३. लढाईच्या मध्येच कोंबडीला ठोसा मारून दम भरता येईल का?

नियम तसा लिहिला तर कोणीतरी पिशवीतून कोंबडी काढणारच. दोन बंधनं: दमाची वरची मर्यादा (प्रश्न ५), आणि ‘जो शत्रू तुम्हाला इजा करू शकतो आणि करू पाहतो’ त्याच्यावर लागलेला वारच मोजायचा. आपल्याच फायटरला मारूनही भरत नाही. लढाईबाहेर दम नसतोच. दार फोडायला ॲथलेटिक्स आहे.

१४. मल्टिक्लासमध्ये (एकाच पात्राने दोन क्लास घेतले तर) काय बिघडतं?

एसीचं सूत्र एका वेळी एकच. बार्बेरियनचं तेच आहे, मंकचं वेगळं आहे, पण बेरीज होत नाही. शील्ड जादूचे +५ मात्र वर चढतात. फायटरची ॲक्शन सर्ज ॲक्शन देते, बोनस ॲक्शन नाही, म्हणून पेच एकच राहतो. तिथे वाद नको म्हणून ‘टर्नला एकच पेच’ हे वाक्य नियमात ठळक लिहा.

१५. मल्लाचा टर्न फार लांबतो.

तीन डी२० वेगवेगळ्या रंगांचे घ्या, प्रत्येकाशेजारी त्याच रंगाचा डी६, सगळे एकदम टाका. पेच लावायचा असेल तर दोनच. सेव्ह डीएम टाकतो, तेवढ्यात खेळाडूने मोहरा हलवून ठेवायचा.

१६. पाथफाइंडर या वेगळ्या गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत हे चालेल?

हिशेब चालणार नाहीत, विचार चालेल. तिथे टर्नला तीन ॲक्शन असतात आणि दुसऱ्या हल्ल्याला उणे ५ (चपळ हत्याराला उणे ४). पाडणं हा ॲथलेटिक्सचा हल्ला, तोही या उण्यात मोजला जातो. त्यामुळे पेच आधी, ठोसे नंतर, असा क्रम खेळाडू आपणच लावतात आणि दमाची गरज जवळपास उरत नाही.

१७. चाचणी कशी घ्यायची?

तीच पार्टी, तेच राक्षस, तोच नकाशा. एकदा मल्ल घालून, एकदा त्याच्या जागी फायटर. तिसऱ्या आणि पाचव्या लेव्हलला प्रत्येकी तीन लढाया. दर टर्नला वहीत तीन गोष्टी लिहा: कुठला पेच, दम किती उरला, शत्रूचा टर्न वाया गेला का. निम्म्याहून जास्त टर्नमध्ये एकच पेच दिसला तर त्याचा दम वाढवू नका. आधी बाकीच्यांचे सेव्ह तपासा, बहुधा तिथे चूक असते. लढाई संपताना दम नेहमी भरलेलाच उरत असेल तर पेच महाग पडतायत किंवा नकाशा सपाट आहे. ‘मजा आली का’ हे खेळाडूला शेवटी विचारा. आधी विचारलंत तर तो तुम्हाला बरं वाटेल असंच सांगेल.

१८. बनवलेला क्लास छापून विकता येईल का?

येईल. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० परवान्याखाली खुले झाले. २०२४ च्या नियमांवरचा ५.२ हा २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आला. श्रेयाचा जो मजकूर त्या दस्तऐवजात दिला आहे तो जसाच्या तसा छापा. मुखपृष्ठावर गेमचं नाव किंवा बोधचिन्ह टाकू नका. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढं लिहिता येतं. एसआरडीत मंकचा एकच सबक्लास आहे, उघड्या तळहाताचा. बाकीचे तिथे नाहीत, म्हणून त्यांचा मजकूर उचलू नका.